महाराष्ट्र नाइटचा राहिलेला फेर

अबुधाबीतल्या आमच्या बांधकाम कंपनीला क्रिकेटची टीम होती आणि त्या टीमचा मी स्कोअरर होतो. खेळाडू नव्हे. मला साधा कॅचही धरता येत नसे, पण अक्षर बरं होतं आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी सहाला उठायची तयारी होती. एवढ्या भांडवलावर मी नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं त्या टीमला चिकटून राहिलो. पुढे मला सेक्रेटरीही केलं. सेक्रेटरीनं कामगारांच्या कॅम्पवरून बस मागवायची, पाण्याचे कॅन भरून घ्यायचे आणि सगळ्यांची भांडणं ऐकून घ्यायची, एवढंच त्या पदाचं वजन होतं.

मैदान मुसाफ्फाच्या पुढे होतं. मैदान म्हणायचं ते आपलं म्हणायला. चहूकडे वाळू, मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर खिळे ठोकून ताणून बसवलेली काथ्याची मॅट. जमिनीवरून मारलेला बॉल दहा पावलांवर वाळूत रुतून बसायचा, त्यामुळे आमचे सगळे बॅट्समन हवेतून मारायला शिकले आणि हवेतच आउट व्हायला. टीममध्ये इंजिनिअर होते, स्टोअरकीपर होते, सुतार होते, सळ्या बांधणारे होते. आठवड्याचे सहा दिवस जो माणूस साइटवर इंजिनिअरसमोर मान खाली घालून उभा राहायचा, तोच शुक्रवारी त्याच्यावर "अरे, भाग ना" म्हणून खेकसायचा. मला त्या टीमचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटे.

सीझन संपला की कंपनीच्या खर्चानं टीम एक कार्यक्रम करी. आमचा जनरल मॅनेजर इंग्रज होता, त्यानं त्याला 'हेरिटेज नाइट' असं भारदस्त नाव दिलं होतं. दरवर्षी एक प्रांत घ्यायचा, त्याचं गाणं, नाच आणि जेवण. पहिल्या वर्षी केरळ झालं, कारण टीममध्ये तेच सर्वांत जास्त. मग पंजाब, मग गोवा, आणि चौथ्या वर्षी पुन्हा केरळ. तेव्हा ठिणगी पडली. आमचा विकेटकीपर लाहोरकडचा होता, तो दरवर्षी विचारायचा की त्याच्याकडच्या पंजाबची पाळी कधी, आणि आम्ही दरवर्षी "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला" म्हणून वेळ मारून न्यायचो. या वेळी सगळेच उठले. हमरीतुमरी झाली, दोघांनी टीम सोडायची धमकी दिली. शेवटी नियम ठरला: ज्या प्रांताची पाळी अजून आलेली नाही आणि ज्याचे खेळाडू सर्वांत जास्त, त्याची नाइट.

आमचे चीफ इंजिनिअर पुण्याचे. ते टीमचे चेअरमन होते, बॅट त्यांनी बहुधा फोटोसाठीच हातात धरली असेल. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "आपले किती होतात रे?"

मी स्कोअरबुक घेऊन बसलो. शहरातले दोघे, ठाण्याचा ड्राफ्ट्समन आणि पुण्याचा सर्व्हेअर. आणि कॅम्पवरचे पाच, सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. एकूण सात. तमिळनाडूचे सहा. एका डोक्यानं आम्ही पुढे होतो. त्या पाच जणांना काही न विचारता मी त्यांची नावं यादीत लिहिली आणि मीटिंगमध्ये ठणकावून वाचून दाखवली. आमचा तमिळ फोरमन मिडऑफला उभा राहायचा, शांत माणूस. तो हसून म्हणाला, "सेव्हन पीपल, व्हेरी गुड. लेट अस सी ऑल सेव्हन." मला वाटलं, हरल्यामुळे बोलतोय.

त्या पाचांतला एक आमचा ओपनिंग बोलर. शटरिंगचा सुतार, तिशी ओलांडलेला, काटकुळा, काळा. सात पावलांचा रनअप. पँटची टोकं मोज्यात खोचलेली. त्याचा बॉल मॅटवर पडला की थेट बरगडीच्या दिशेनं उसळायचा आणि भले भले बॅट्समन मागे सरकायचे. आम्ही जिंकलेल्या निम्म्या मॅचेस त्याच्या जिवावर. मी त्याला भाऊ म्हणे, तो मला सायेब.

मीटिंगनंतरच्या शनिवारी तो डोक्यावरचं हेल्मेट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"सायेब, महाराष्ट्राची नाइट हाय म्हणतात. आमचा नाच ठेवाल?"

"कुठला नाच?"

"जाखडी. गणपतीत नाचतात तो."

मग त्यानं मला उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं. मधे बुवा बसतो, म्हणजे गाणारा. त्याच्याजवळ मृदंग आणि झांज. भोवती नाचणारे फेर धरतात, प्रत्येकाच्या एका पायात घुंगरांचा चाळ. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. त्याचा बाप गावातल्या नाचमंडळाचा बुवा होता, तीस-एक वर्षं. तो बापाच्या पाठीमागे बसून शिकला होता. कंपनी दोन वर्षांतून एकदा सुट्टी द्यायची आणि ती गणपतीत कधी येत नसे, त्यामुळे सहा वर्षांत त्यानं गावचा गणपती पाहिला नव्हता.

"म्हाताऱ्यानं पत्रात लिवलंय, तिकडं जाऊन सगळं विसरला असशील," तो म्हणाला. "तुमच्याकडं तो व्हिडिओचा कॅमेरा हाय ना, सायेब? तेवढी कॅसेट काढून द्या. वाडीत एका घरात टीव्ही आलाय. म्हातारा बघेल."

माझ्याकडे कॅमेरा होता. वाढदिवस आणि विमानतळ सोडून त्यानं काही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, देतो की." इतक्या सहज म्हटलं की आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

महिनाभर ते कॅम्पवर तालीम करत होते. टीममधले पाच आणि कॅम्पमधले त्यांच्याच बाजूचे आणखी सहा. मृदंग गावाहून आलेल्या एकानं विमानातून आणला होता. एअरपोर्टवर कस्टमवाल्यानं त्याच्यावर टिचकी मारून पाहिलं होतं म्हणे, आणि "यल्ला, यल्ला" म्हणून सोडून दिलं होतं. एका शुक्रवारी मॅच संपल्यावर मी त्यांच्याबरोबर बसमधून कॅम्पला गेलो. दोन बराकींच्या मधल्या जागेत त्यांनी पाणी मारून वाळू दाबून घेतली होती. आमचा बोलर बुवा होऊन मधे बसला. दोरीवर कामाच्या डांगऱ्या वाळत होत्या, केरळचा आचारी हात पुसत दारात येऊन उभा राहिला, एक पठाण क्रेनवाला उलट्या बादलीवर बसला, आणि फेर सुरू झाला.

मी मुंबईत वाढलेला माणूस. असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. सवाल-जवाबाची गाणी बोलरनं स्वतः रचली होती. एका बाजूनं वाळवंट विचारायचं की तुझ्याकडे असं काय आहे, पोटाला तर मी घालतो, आणि दुसऱ्या बाजूनं गावची लाल माती उत्तर द्यायची. त्यात आमच्या फोरमनचं नाव होतं, कॅम्पच्या खोल्यांचे नंबर होते, मॅटवर उसळणारा बॉलसुद्धा होता. मातीचं शेवटचं उत्तर ऐकताना त्यांच्यातला एक सळीवाला नाचता नाचता रडत होता, पण पाय ठेक्यावरच पडत होता. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, सगळ्या प्रोग्रॅममध्ये हेच एक खरं होणार आहे बघ.

नाइटसाठी मराठी कुटुंबांची कमिटी नेमली होती, तिची मीटिंग चीफ इंजिनिअरांच्या फ्लॅटवर झाली. चहा, चिवडा, एसी. कार्यक्रम जवळजवळ ठरलेलाच होता. ईशस्तवन, मुलांचे श्लोक, भावगीतं, डॉक्टरबाईंची बेताची लावणी, नऊवारी साड्यांची परेड. मी जाखडीचं नाव काढलं.

चीफ इंजिनिअरांनी चष्मा वर केला. "म्हणजे बाल्या डान्स?"

खोलीत दोन-चार जण हसले. हा शब्द काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. मुंबईत घरोघर भांडी घासणारे, पाणी भरणारे कोकणातले गडी असत, त्यांच्या कानात बाळी असे, म्हणून त्यांना सरसकट बाल्या म्हणत. आमच्या घरीही एक होता. तो माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होता आणि मी कॉलेजात जाईपर्यंत राहिला. त्याचं नाव काय, हे मी एकदाही विचारलं नाही. त्या मीटिंगमध्ये मला तो आठवला आणि मान खाली गेली, पण तोंड उघडलं नाही. मी चिवड्यातले दाणे वेचत बसलो.

"लेट अस बी प्रॅक्टिकल," ते म्हणाले. "जीएम येणार, क्लायंट येणार. पाऊण तास ते गोल गोल फिरणार, अर्धा वेळ लोकांकडे पाठ करून. कुणाला काय कळणार? कोकणच दाखवायचं ना, मग कोळी डान्स ठेवू. कलरफुल आहे, सगळ्यांना माहितीये. कॅसेट मिळते. दहा मिनिटांत खलास."

"पण ते कोळी नाहीत," मी म्हटलं.

"अरे, इथे कुणाला माहितीये?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "मी बसवते. मुलं चपळ आहेत, पटकन शिकतील."

मी पुढे बोललो नाही. चीफ इंजिनिअर माझे वरिष्ठ होते, माझ्या बायकोचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता, मुलीची शाळा होती, अशी सगळी कारणं मी नंतर स्वतःला दिली. खरं कारण एवढंच की त्या सोफ्यावर बसलेल्या लोकांत मला त्यांच्यातलाच दिसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साइटवर जाऊन मी बोलरला बाजूला घेतलं आणि कोळी डान्सचं सांगितलं.

"सायेब, आमचं गाव घाटाच्या पायथ्याला हाय. तिथनं समुद्र दिसत पण नाय. मला तर पवता पण येत नाय."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्यांचं मन राखा. मग कार्यक्रमाच्या शेवटी तुमची जाखडी."

"पुरी?"

"पुरी. गण-गवळणीसकट."

"खाली जमिनीवर पायजे, सायेब. स्टेजवर फेर बसत नाय. आनि तुमी शूटिंग करायचं."

"माझा शब्द," मी म्हणालो. चीफ इंजिनिअरांना हे मी विचारलेलं नव्हतं. वेळ आली की बघू, अशी माझी जन्माची सवय.

आमच्या बायका शारजाला रोल्लाच्या बाजारात जाऊन चौकड्यांचे रुमाल आणि लाल टोप्या घेऊन आल्या. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून वल्ही कापली गेली आणि त्यांना चंदेरी रंग दिला गेला. चीफ इंजिनिअरांच्या पत्नी आठवड्यातून दोनदा त्या पाच जणांना घरी बोलावून लाटांचे हात शिकवायच्या. बूट दाराबाहेर काढून ते आत येत आणि सोफ्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून वल्ही मारत. माझी बायको एकदा ते बघून आली आणि म्हणाली, "मला तिथे बसवेना. आपण बरं करत नाही हो." मी म्हटलं, शेवटी त्यांचंही होणार आहे.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी, एका शाळेच्या पटांगणात. एका टोकाला स्टेज, समोर खुर्च्या, कडेला जेवणाची टेबलं. खुर्च्या आणि टेबलं यांच्यामध्ये मी मुद्दाम मोकळी जागा ठेवली होती, फेर बसेल एवढी. माइकही माझ्याच हातात, कारण सूत्रसंचालनही मीच करत होतो. गळ्यात कॅमेरा.

कोळी डान्सला टाळ्या पडल्या. सगळ्यात पुढे आमचा बोलर, डोक्यावर लाल टोपी, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. पावलं एकदम बरोबर. चेहरा मात्र नेहमी बोलिंगच्या आधी असायचा तसा, बंद. जनरल मॅनेजर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी ती सगळी दहा मिनिटं टिपून घेतली.

मग सगळं लांबत गेलं. मुलं श्लोक विसरली. भावगीतांना वन्स मोअर मिळाला. चीफ इंजिनिअरांनी आमच्या टीममधल्या सात मराठी शिलेदारांवर वीस मिनिटं भाषण केलं. नऊवारीच्या परेडमध्ये बारा जणी होत्या, प्रत्येकीची माहिती मी माइकवरून वाचली. साडेअकराला पटांगण रिकामं करायचं होतं आणि दहा वाजून गेले होते. केटरर येऊन सांगून गेला की पुऱ्या गार होतायत.

मी टेबलांच्या मागे पाहिलं. ते अकरा जण कपडे बदलून तयार होते. पांढरे शर्ट, कमरेला रंगीत शेले. वाकून चाळ बांधत होते. मृदंगवाला मोकळ्या जागेत येऊन बसलाही होता आणि बोलर त्याच्या शेजारी, मधे, जिथे बुवानं बसायचं तिथे.

चीफ इंजिनिअर माझ्याजवळ आले. "खलास कर आता. डिनर अनाउन्स कर."

"सर, यांचा एक आयटम राहिलाय."

"झाला की त्यांचा. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच मिळाल्या. जीएम घड्याळ बघतोय, जरा डोकं वापर."

माइक माझ्या हातात होता. दोनशे माणसं बसलेली होती. मी नुसतं एवढं म्हटलं असतं की बसून घ्या, आता आमच्या टीमचे पाच खेळाडू त्यांच्या गावचा नाच करणार आहेत, तर कुणी उठलं नसतं. चीफ इंजिनिअरही दोनशे लोकांसमोर मला अडवायला आले नसते. हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "लेडीज अँड जेंटलमेन, डिनर इज सर्व्ह्ड."

खुर्च्या सरकल्या. मोकळी जागा टेबलांच्या समोरच होती, त्यामुळे प्लेटांची रांग नेमकी तिथेच लागली. मृदंगवाल्यानं मृदंग छातीशी धरून उठून वाट करून दिली. बोलर सगळ्यांत शेवटी उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ते सगळे पटांगणाच्या कडेला कठड्यावर जाऊन ओळीनं बसले आणि चाळ सोडू लागले. लोकांच्या बोलण्यातून आणि चमच्यांच्या आवाजातून घुंगरांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग थांबला. पठाण क्रेनवाला खास तो नाच बघायला आला होता, तो त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी विचारत होता.

कॅम्पची बस शेवटी सुटायची होती, म्हणून तोवर त्यांनी खुर्च्या आवरायला मदत केली. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी शिल्लक होती. निदान त्या कोपऱ्यात त्यांना नाचू दे आणि मी शूटिंग करू दे, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. ते सुचलं दुसऱ्या दिवशी दाढी करताना.

गाडीत बायकोनं विचारलं, "त्या लोकांचं काय झालं?"

"वेळ उरला नाही."

"साड्यांना बरा उरला," ती म्हणाली आणि फ्लॅट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या शुक्रवारी एक मैत्रीची मॅच होती. मी माफीची वाक्यं जुळवून गेलो होतो. तो बसमधून उतरला आणि म्हणाला, "सायेब, मॅट जरा डावीकडं ओढायला पायजे." त्या दिवशी त्यानं चार विकेट घेतल्या. मी त्या स्कोअरबुकात नीट लिहिल्या आणि सोयीस्करपणे ठरवून टाकलं की तो विसरला. कोळी डान्सच्या कॅसेटची कॉपी मी त्याच्यासाठी करून आणली होती. तो म्हणाला, "ऱ्हावू दे तुमच्याकडंच."

पुढच्या सीझनला कॅम्पवरच्या पाचांपैकी तिघांनी टीमला नावच दिलं नाही. विचारलं तर म्हणाले, ओव्हरटाइम असतो. तो मात्र खेळत राहिला. त्या वर्षी नाइट तमिळनाडूची झाली. फोरमननं स्टेजच घेतलं नाही. पटांगणाच्या मधोमध कॅम्पवरची माणसं तासभर ढोल वाजवून नाचली, आणि जनरल मॅनेजर जेवण विसरून खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी मागे उभा होतो. फोरमन मला काही म्हणाला नाही, तेवढं तरी त्यानं माझ्यावर उपकार केले.

दोन हजार साल उलटल्यावर कंपनीची कामं आटोपत आली आणि माणसं कमी होऊ लागली. एका दुपारी बोलर ऑफिसात निरोप घ्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, केस थोडे पांढरे. तो कायमचा गावी चालला होता. मी त्याला बसायला सांगितलं, तो पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीवर बसला.

इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "भाऊ, अजून चार दिवस आहात. सगळ्यांना गोळा करा. या शुक्रवारी कॅम्पवर करू, मी कॅमेरा घेऊन येतो."

तो हसला. "कुनाला गोळा करू, सायेब? मृदंगवाला रास अल खैमाला गेला, सिमेंट फॅक्टरीच्या कामावर. चौघं नोकरी खलास करून घरी गेले. फेराला मानसं नकोत?"

मी धीर करून विचारलं, "वडिलांना काय सांगितलंत तेव्हा?"

"सांगितलं की झाला नाच. पुरा झाला. गोरे सायेब पन उठले नाय शेवटपर्यंत." तो हे काही मनात न धरता सांगत होता, साइटवरचा निरोप सांगावा तसं. "म्हातारा लय खूश झाला. मग कॅसेट मागायला लागला. तर म्हटलं, सायेबांचा कॅमेरा बिघडला, काय आलंच नाय त्याच्यात."

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. वर बघवेना.

"त्यांना वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"नाय वो. म्हातारा म्हनाला, सायेबांना सांग, मनाला लावून घेऊ नका. मशीन हाय, बिघडतं. त्यांनी तुमच्यासाठी एवढं केलं, ते काय थोडं हाय? आनि म्हनाला, एकदा गनपतीला त्यांना गावाला घेऊन ये, मी स्वतः बसतो मधे. पुरा नाच दाखवू त्यांना." तो उठला. "मग या, सायेब, खरंच."

मी येतो म्हणालो.

त्यानंतर दोन वर्षं लागोपाठ मी गणपतीत सुट्टीवर मुंबईला होतो. त्याचं गाव एका रात्रीच्या एसटीवर. बायको म्हणालीसुद्धा, जाऊन या, मीही येते. मी गेलो नाही. सुट्टी कमी पडली असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसायची भीती वाटत होती. त्यानं मला सगळ्यांच्या पुढे बसवलं असतं, चहा दिला असता, आणि कॅमेरा दुरुस्त झाला का, असं विचारलं असतं. तेव्हा एक तर मुलाचं खोटं पुढे चालवायचं, नाहीतर भर फेरात त्याला उघडं पाडायचं. तिसरं काही मला आजही दिसत नाही.

पुढच्या वर्षी ठाण्याच्या ड्राफ्ट्समनकडून कळलं की म्हातारा गेला. शेवटच्या गणपतीतही तो मधे बसून गायला होता म्हणे. मी बोलरला पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींवर सोडून दिलं. त्या म्हाताऱ्यानं मला आधीच माफ करून टाकलं होतं, पण कॅमेऱ्यासाठी. आणि कॅमेरा तर त्या रात्री अगदी नीट चालू होता.